मोठ्या बाई आणि जवळ्याची पुरचुंडी

शिंकण्यापूर्वी विचार करणारी बाई आख्ख्या कुलाबा जिल्ह्यात एकच होऊन गेली, आणि ती म्हणजे आमच्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई. शिंक आली की त्या हात वर करून वर्ग थांबवत, खिडकीकडे तोंड फिरवत, रुमालाची घडी नाकाशी धरत आणि मगच शिंकेला परवानगी देत. बऱ्याचदा तोवर ती कंटाळून परत गेलेली असे. "मुली धडा विसरतात, धाकट्या बाई. आपण शिंकलो कशा, ते नाही विसरत," असं त्या मला बजावत. धाकट्या बाई म्हणजे मी.

नागावच्या अलीकडच्या त्या गावात दिवसाकाठी दोन बैलगाड्या जायच्या, तरी मोठ्या बाई रस्त्याच्या डाव्या कडेनेच चालत. रायवळ आंबा चोखायचा म्हणजे कोपरापर्यंत ओघळ येणार, आणि तो एखाद्या मुलीने पाहिला तर? म्हणून ऐन वैशाखात त्या दाराला आतून कडी घालून आंबा खात, आणि बाहेर येताना चेहरा असा की आत भूगोल वाचत होत्या. एकदा बहिणीकडून परतताना ओहोटीला त्यांची होडी खाडीच्या चिखलात रुतली आणि शाळेला उशीर झाला. बाईंनी फळ्यावर 'उशिरा आलेल्या' असं लिहून खाली स्वतःचं नाव घातलं आणि इतर मुलींसारख्याच कान धरून दाराशी उभ्या राहिल्या. पहिलीतली एक टिचभर पोर जवळ जाऊन म्हणाली, "बाई, कोपर सरळ." बाईंनी कोपर सरळ केलं.

आणि तेव्हाची मी? पुण्याहून ट्रेनिंग करून आलेलं, नऊवारीत गुंडाळलेलं एकोणीस वर्षांचं शहाणपण! आपण आलो म्हणून किनाऱ्यावर विद्येचा उजेड पडला, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मोठ्या बाई माझा आदर्श, तेव्हा त्यांचं सगळंच मी उचललं: अंबाडा, छत्री काखेत धरणं, वाक्यापूर्वी दोनदा खाकरणं. महिन्याभरात माझा आख्खा वर्ग पाढे म्हणण्यापूर्वी एका सुरात खाकरू लागला. बाईंनी मला बोलावून शांतपणे विचारलं, "मला दमा आहे. तुम्हाला काय झालंय?" इथेच मी शहाणी व्हायला हवी होते. पण शहाणपण फार असलं की त्यात आणखी मावत नाही.

माझ्या वर्गात हिरू नावाची कोळ्यांची मुलगी होती. हिशेबाला अशी तल्लख की माझा खडू खाली ठेवून व्हायच्या आत तिचं उत्तर तयार. त्या दिवसांत कोळीवाड्यात जवळा सुकत पडलेला असे. ती बारीक, करंगळीच्या नखाएवढी कोलंबी आईबरोबर उन्हात उलथून हिरू तशीच शाळेत येई. ती पाटी दाखवायला जवळ आली की माझा पदर नाकाशी जाई. माझ्या ध्यानातही नव्हतं ते. मुलींच्या मात्र आलं. त्यांना पदर कुठला? त्यांनी परकराची टोकं उचलून नाकाला लावली. हिरू आधी मागच्या ओळीत गेली, मग दाराशी बसू लागली, आणि एके दिवशी आलीच नाही.

चार दिवसांनी मोठ्या बाई माझ्या दारात उभ्या. मी भागाकार शिकवत होते आणि सवयीने निम्मा वर्ग परकर नाकाशी धरून बसला होता. हिरू नसतानाही!

"काय शिकवताय, धाकट्या बाई?"

"भागाकार."

"तो फळ्यावर आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही काय शिकवलंत ते विचारतेय मी."

शाळा सुटल्यावर त्या मला घेऊन थेट कोळीवाड्यात. हिरू खाली मान घालून जवळा उलथत होती. तिने वर पाहिलंच नाही. तिची आई मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"नाय धाडायची आता तिला. मोठे बाय, तुमचेवर राग नाय माजा. पन ही पोर शिकल, शानी व्हल, न् उद्या माजीच टोपली बघून नाक दाबल. मंग मी काय करू?"

मोठ्या बाईंच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा शिवत नसत. तरी त्यांनी पदर कमरेला खोचला, हिरूशेजारी बसकण मारली आणि दोन्ही हातांनी जवळा उलथायला घेतला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी बसले. हात घातले खरे, पण श्वास रोखून. डोळे बाहेर यायची वेळ आली.

"अगो, दम घे की पोरी! मरशील!" हिरूची आई ओरडली.

मी घेतला. असा घेतला की ठसका लागून जवळ्यावरच आडवी झाले. हिरू खुदकन हसली. मग तिची आई हसली. आणि उभ्या किनाऱ्याला आदर्श घालून देणाऱ्या आमच्या मोठ्या बाई तोंडावर हात न धरता, सगळे दात दाखवून हसल्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'चुकलेल्या' असा मथळा होता. खाली पहिलं नाव मोठ्या बाईंचं, कारण शाळा त्यांची. दुसरं माझं. दोघी कान धरून उभ्या होतो, दोघींच्या हातांना कालचा वास होता, आणि एकाही मुलीचा परकर वर गेला नाही. तिसऱ्या दिवशी हिरू आली ती थेट पहिल्या ओळीत. सोबत आईने बाईंसाठी जवळ्याची पुरचुंडी दिली होती. आता ती खाणार कोण? पण परत करणंही बाईंना पटेना. त्यांनी ती वस्तुपाठाच्या पेटीत, कापसाचं बोंड आणि मिठाचा खडा यांच्या मधे, जपून ठेवली.

हिरू सातवी पास होऊन गेली. मोठ्या बाई निवृत्त होऊन बोर्ली पंचतनला भाच्याकडे गेल्या. आगरदांड्याला होडीत सर्वांत शेवटी चढल्या, कारण धक्क्यावर दोन शाळकरी मुली उभ्या होत्या. मग मीच मोठी बाई झाले. काही वर्षांनी त्या गेल्याचं भाच्याचं पत्र आलं, त्याच आठवड्यात मिठाचा पाठ होता. पेटी उघडली, खडा काढताना पुरचुंडी हाताला लागली, आणि मी तिची गाठ सोडली. वास अजून तसाच, थेट आढ्यापर्यंत. मुली जवळ्याकडे बघतच नव्हत्या. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी सावकाश, पोटभर श्वास घेतला. मुलींनीही घेतला. मग मी हात वर करून वर्ग थांबवला, खिडकीकडे तोंड फिरवलं, रुमालाची घडी चेहऱ्याशी धरली आणि बराच वेळ तशीच उभी राहिले. मुलींना वाटलं, बाईंना शिंक येतेय.