निळा अकीक

तीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे रंग तपासून साधनाबाई निवृत्त झाल्या आणि थेट दगडांच्या नादी लागल्या. दगड उचलायचा, चाटून रंग बघायचा, आवडला तर नाशिक रोडच्या घराच्या गॅलरीतल्या मशिनवर कापायचा.

त्या दिवशी दिंडोरीत, भारत या ओळखीच्या शेतकऱ्याच्या द्राक्षबागेत त्यांना चक्क निळा अकीक दिसला. निळा! त्यांनी धावत जाऊन तो उचलला आणि चाटला.

"ओ मॅडम, थुका आधी!" भारत ओरडला. "सकाळीच मोरचुदाचं औषध फवारलंय इथं!"

तोंड कडूजहर झालं. चुळा भरून उरलेलं पाणी त्यांनी रागाने दगडावर ओतलं. मोरचुदाचा निळा रंग ओघळला आणि खालून लालभडक पट्टे उजळले.

साधनाबाई आनंदाने किंचाळल्याच, "भारत, पाइप आण! अख्खी बाग धुऊ!"