तूर पिकवणाऱ्या घरातली विकतची डाळ

मंडळी, आज दुपारी वाघोडियाजवळच्या एका गावात गेले होते. तिथल्या कोकिळाबेनकडून आम्ही वर्षाची तूरडाळ घेतो. स्वतःच्या छोट्याशा शेतातल्या तुरीला तेल-पाणी लावून, उन्हात वाळवून त्या घरच्या जात्यावर डाळ भरडतात.

मला बघून त्या ओशाळल्या. "बेन, आ वर्षे दाळ नथी." यंदा डाळच नाही म्हणे.

सरकारी मदतीने गावातल्या बायकांसाठी डाळमिल आली. आता हाताने कोण भरडणार, म्हणून सगळ्यांनी जाती काढून टाकली. कोकिळाबेनचं जातं एका फार्महाउसवाल्याने बागेत मांडायला नेलं. मिलला मात्र अजून विजेची जोडणीच नाही, दाराला कुलूप आहे. तुरीला कीड लागेल या भीतीने त्यांनी सगळी तूर व्यापाऱ्याला देऊन टाकली.

"उद्घाटनाचे पेढे मस्त होते हं," ओट्यावरून त्यांच्या सासूबाई म्हणाल्या. "थोडे ठेवले असते, तर आज तेच शिजवले असते!"

तरी मला जेवायला बसवलंच. पानात दुकानातून आणलेली डाळ होती.

"चव नाही ना?" कोकिळाबेननी विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं. त्यांनी मान खाली घातली.

पुढच्या वर्षी तूर नाही, कापूस लावणार म्हणाल्या.

मदत गावापर्यंत पोचत नाही, अशी तक्रार आपण करतो. इथे ती पोचली आणि घरात होतं तेही गेलं. तुमच्या ओळखीच्या एखाद्या गावात अशी मिल खरोखर चालू आहे का? असेल तर सांगा. आज मला ते ऐकायची फार गरज आहे.