घळीच्या तोंडावरच्या काट्या

ती घटना आजही आठवते असं लिहायला बसलो खरा, पण ती मी विसरलो कधी होतो?

भोकरदन भागातल्या एका ठाण्यात प्रभारी होतो. उन्हाळ्याचे दिवस. रविवारी संध्याकाळी एक वयस्कर शेतकरी आला. शाळेवर शिक्षक असलेला त्याचा एकुलता एक मुलगा सकाळी चुलतभावासोबत निघाला होता, परतला नव्हता. ठाणे अंमलदाराने मिसिंग नोंदवली. चुलतभावाला बोलावलं. तो न अडखळता म्हणाला, "राजूरला उतरला साहेब. दर्शन करून जालन्याला जातो म्हन्ला." फोनचं शेवटचं लोकेशनही राजूरच्याच टॉवरचं निघालं.

बापाला ते पटेना. "त्यो दर रविवारी घळीत कातळ चढाया जातो," तो म्हणाला.

ही घळ म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्याची अरुंद चीर. आत मोबाइलला रेंज नाही. सोमवारी सकाळी बापाला घेऊन मी तिथे गेलो. तोंडाशी बोरीच्या काट्या लावलेल्या होत्या. आत शेरडं अडकू नयेत म्हणून गुराखी त्या लावतात. मी म्हणालो, "काका, कुणी आत गेलं असतं तर काट्या बाजूला दिसल्या असत्या."

"एक हाक मारून बघू का?"

"कशाला वेळ घालवता? राजूरला शोधू."

तो मुकाट्याने जीपमध्ये बसला. पोलिसाचं ऐकायचं असतं असं मानणारी ती पिढी. दोन दिवस आम्ही राजूरच्या लॉज आणि दुकानांतले कॅमेरे तपासत बसलो.

बुधवारी सकाळी एक म्हातारा गुराखी ठाण्यात आला. शनिवारी घळीला काट्या लावून तो कुंभार पिंपळगावला लेकीकडे गेला होता. "साहेब, मी काटी लावली की बुडख्यावर दगड ठेवतो. दगड बाजूला पडलाय. काटी दुसऱ्यानं लावली."

मी चुलतभावाला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "घळीच्या काट्या परत कुणी लावल्या?" तो रडायलाच लागला. कातळाचा टप्पा चढताना भाऊ घसरून पडला, डोकं फुटलं, हलेना. "मला वाटलं गेला. आमचा त्यांचा बांधाचा दावा चालू हाय. मीच ढकललं म्हन्ले असते."

"मग काट्या कशाला लावल्यास?"

"लावावंच लागतंय न्हाई का साहेब. कुणाची शेरडं आत गेली तर?"

त्यात लपवालपवी नव्हती. आमच्याकडे वाटेतली काटी काढली की परत लावायची, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. मीही खेड्यातलाच. मला हे सुचायला हवं होतं, आणि घळीच्या वाटेवरही राजूरचाच टॉवर लागतो हेही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

तडक घळ गाठून आत शिरलो. दोन्ही खांदे कातळाला घासत होते. कुठे आडवं होऊन सरकायचं, कुठे हातांवर जोर देऊन धोंड्यांवर चढायचं. पण मुलगा पडला होता त्या टप्प्यापर्यंत जावंच लागलं नाही. मोडलेला पाय ओढत तो निम्मी घळ उतरून आला होता. तोंडापासून हाकेच्या अंतरावर सापडला. कोपरांची कातडी सोलून निघाली होती. अंगात जीव नव्हता.

पंचनामा झाला. शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनी मृत्यूची वेळ मंगळवार दुपारनंतरची सांगितली. म्हणजे सोमवारी सकाळी आम्ही बाहेर उभे होतो, तेव्हा तो आत जिवंत होता.

चुलतभावावर गुन्हा दाखल झाला. माझ्या चुकीला कुठलं कलम लागत नाही. प्रेत ताब्यात देताना बापाने पावतीवर सही केली आणि विचारलं, "साहेब, त्या दिवशी मी हाक मारली असती, तर त्यानं ओ दिली असती न्हाई?"

त्यानंतरच्या नोकरीत शोधावर गेलो की नातेवाइकांना आधी हाक मारू द्यायचो, कितीही वेळ जावो. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, आणि शिकलो ते दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर. त्या बापाच्या दारावरून जायची हिंमत मला अजून झालेली नाही.