खळ्यावरची हॉकी

अकोल्याच्या आमच्या कचेरीतली तरणी कारकून मंडळी संध्याकाळी मागच्या मैदानात हॉकी खेळायची. मी छत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, भाजी आणायच्या निमित्तानं तिकडून घरी जायचो. भाजीबाजार उलट्या दिशेला होता. बायकोला ते ठाऊक होतं, पण ती फक्त माझ्या हातातली वांगी घेताना मैदानात काय काय दिसलं ते विचारायची.

एकदा मी असाच कडेला छत्री घेऊन उभा होतो आणि चेंडू सुसाट माझ्याकडे आला. मी काहीएक विचार केला नाही. छत्री आपोआप उलटी झाली, मूठ खाली गेली, आणि चेंडू मुठीपाशी येऊन गप्प बसला. पोरं माझ्याकडे पाहत राहिली. मी छत्रीकडे पाहत राहिलो. अठरा वर्षं मी हॉकीच्या काठीला हात लावला नव्हता. मग हे केलं कुणी?

मला तेच कळेना. माणूस मॅट्रिकला घोकलेलं सगळं विसरतो, बायकोनं सकाळी सांगितलेलं संध्याकाळी विसरतो, आणि हाताला मात्र अठरा वर्षांपूर्वीचा चेंडू कसा अडवायचा हे पाठ असतं. मग पायांचं काय? डोळ्यांचं काय? मला ते पाहायचंच होतं. दुसऱ्या दिवशी छत्री घरी ठेवून गेलो.

पायांनी पहिल्या आठवड्यात तोंड फिरवलं. पोटऱ्या इतक्या दुखल्या की कचेरीच्या पायऱ्या मी आडव्या पावलांनी उतरत होतो. पण चेंडू अडवणं, दोघांच्या मधून काढणं, बाजूच्याला अलगद ढकलणं, हे सगळं जागेवर होतं. एकच गोष्ट येईना. काठी खांद्यापर्यंत उचलून जोरात टोला मारायचा म्हटलं की हात अर्ध्यात थांबायचा. समोर गोल मोकळा असला तरी मी चेंडू ढकलायचो. पोरं म्हणायची, "काका लोणी लावून राहिले." मी तापट माणूस. दोघा-तिघांना चांगलं झापलं. पण खरं कारण कुणाला सांगितलं नाही.

खरं कारण अमरावतीला होतं. मोर्शी रस्त्याला गावाबाहेर आमचा मळा. भाजीपाला आणि संत्र्याची थोडी झाडं. मी शाळेत जायचो. माझा थोरला भाऊ, दादा, चौथीतून निघून मळ्यात लागला होता. तो सकाळी बाजारात मेथी विकायचा आणि संध्याकाळी आम्ही दोघं विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत खेळायचो. माझी काठी शाळेची, त्याची बाभळीच्या वाकड्या फांदीची, त्यानंच तासलेली. आमची रीत ठरलेली होती. तो ढकलायचा, मी मारायचो. ढकलला की तो म्हणायचा, "मार." एवढा एकच शब्द.

एका संध्याकाळी त्यानं ढकलला, म्हणाला, "मार," आणि मी मारला. तो बाजूला व्हायचा होता, झाला नाही, की मीच घाई केली, हे मला आजवर नीट आठवत नाही. चेंडू उसळला आणि त्याच्या उजव्या हातावर बसला. शेवटची दोन बोटं मोडली. हाडवैद्यानं बांधली, पण ती वाकडीच बसली आणि पुन्हा मिटली नाहीत. दादा मला काही बोलला नाही. बापही बोलला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मी काठी शाळेला परत केली, पास झालो, नोकरी धरून अकोल्याला आलो. दिवाळीला घरी गेलो की दादा ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत असायचा, ती दोन बोटं बाहेर काढून. मी दुसरीकडे पाहायचो. त्याच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, हे विचारायचं धाडस मला अठरा वर्षांत झालं नाही.

आमचे हेडक्लार्क संघाचे कप्तान होते. पुण्याकडचे, स्वच्छ बोलणारे, बूट चकाकते. त्यांनी अमरावतीच्या कारकुनांशी पौष महिन्यातला सामना ठरवला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आपण चेंडू फार छान खेळता. परंतु गोल मारायचा असतो हो. तोवर टोला जमला तर ठीक, नाहीतर मी दुसरा माणूस पाहीन." मी म्हटलं, पाहा. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

तेवढ्यात मैदानानं दगा दिला. आमची काळी जमीन. पावसाळ्यात पाय सोडत नाही आणि पाणी वाळलं की भेगा पडतात. चेंडू पळता पळता भेगेत जाऊन बसायचा आणि बावीस माणसं भेगेभोवती उभी. मुरूम टाकायचा तर नागपूरहून मंजुरी यायला पुढचा पौष उजाडला असता. मी बोलून गेलो, "एवढं काय त्याच्यात? खळं करा." आमच्यातले बहुतेक शेतकऱ्यांचीच पोरं. सगळ्यांना एकदम पटलं. ज्वारी मळायला आपण याच काळ्या जमिनीचं खळं करतो ना. पाणी शिंपायचं, वर भुसा-कुटार फेकायचं, बैल फिरवून तुडवायचं, वरून शेणकाला. जमीन फरशीगत होते. सगळ्यांना पटलं, पण कुणाला येत नव्हतं. लेखण्या धरून धरून बापाची विद्या विसरलेले आम्ही. "तुमच्या घरी येत असंल कुणाले," पोरं म्हणाली. आता माझं घोडं अडलं. येत होतं, दादाला. त्याच्यासारखं खळं आमच्या पंचक्रोशीत कुणी करत नव्हतं.

मी पत्रात लिहिलं की कचेरीच्या लोकांना मैदान करून हवं आहे. कशाचं मैदान ते लिहिलं नाही. दादा पॅसेंजरनं आला, खांद्यावर घोंगडं, हातात संत्र्यांची टोपली. मैदानावर गेला, दोन्हीकडचे गोलाचे खांब पाहिले, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तू खेयून राहिला का?"

"छे," मी म्हटलं, "मी आपला शिट्टी-बिट्टी पाहतो."

छत्तीस वर्षांचा बाप्या, भावाशी पोरासारखा खोटं बोललो. तो "बरं" म्हणाला आणि कामाला लागला.

आठ दिवस तो खपला. जवळच्या एका शेतकऱ्याच्या बैलांच्या दोन जोड्या घेतल्या, भेगा बुजवल्या, पाणी, कुटार, पुन्हा पाणी. कारकून मंडळी धोतरं खोचून चिखलात उतरली. पुरं मैदान सारवण्याइतकं शेण अकोल्यात नव्हतं, म्हणून दादानं दोन्ही गोलांपुढचे अर्धगोल तेवढे सारवून घेतले. हेडक्लार्क नाकाला रुमाल लावून यायचे आणि विचारायचे, "हे वाळल्यावर वास जातो ना?" दादा म्हणायचा, "कायचा वास?"

सामन्याच्या आदल्या दिवशी मी दादाला म्हटलं, तुझं काम झालं, सकाळच्या गाडीनं गेलास तरी चालेल. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "खयं केलं अन् रास पाह्यल्याबिगर जाऊ?"

मग मी दुसरी युक्ती काढली. सकाळी हेडक्लार्कांना सांगितलं की माझं पोट बिघडलं आहे. ते म्हणाले, "टोला तर नव्हताच, आता आपणही नाही." माझ्या जागी एकाला घ्यायचं ठरलं आणि मी शिट्टी गळ्यात अडकवून उभा राहिलो. दादाला दिसावं म्हणून.

दुपारी अमरावतीचे लोक आले. मैदानाच्या कडेपर्यंत हसत-बोलत आले, आणि तुडवून गुळगुळीत झालेली जमीन पाहून थांबले. कुणी काही सांगितलं नाही. एक खाली बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला. मग दुसरा. आमची पोरंही तशीच, अनवाणी. खळ्यावर पायताण घालून जायचं नाही, हे आम्ही चालायला शिकताना शिकलो होतो. हॉकीचं मैदान करायला निघालो आणि खळं करून बसलो, हे तेव्हा कुठं आमच्या ध्यानात आलं. बावीस माणसं अनवाणी हॉकी खेळणार, आणि चेंडू दगडासारखा टणक.

एकटे हेडक्लार्क बूट घालून आत निघाले. दादा आडवा आला. "सायब, पायताण भाईर."

"अहो, हे क्रीडांगण आहे."

"आसंल. पन खयं हाय."

"कावून अडवतं बे बुढ्ढा," असं आमचाच एक जण पुटपुटला, पण बूट घालून आत जायला तोही तयार होईना. मी मध्ये पडून काही बोललो असतो तर मिटलंही असतं. हेडक्लार्क लाल झाले, खुर्चीवर जाऊन बसले, आणि "अनवाणी खेळणं माझ्या तत्त्वात नाही" म्हणाले. माझ्या जागी घेतलेला पोरगा त्यांचा भाचा. तोही मामाशेजारी जाऊन बसला.

नऊ जण उरले. दादानं माणसं मोजल्यासारखी मान हलवली, खुर्चीला टेकवलेली हेडक्लार्कांची काठी उचलली, भाच्याची माझ्याकडे फेकली आणि म्हणाला, "दोन आदमी कमी हायेत. चाल. अन् ते शिट्टी काढ गयातली."

अमरावतीवाल्यांची हरकत नव्हती. धोतराचा काचा मारलेला म्हातारा खेळतोय याची त्यांना गंमतच वाटली. म्हातारा कसला, एकोणचाळीस वर्षांचा. पण उन्हानं तसा दिसायचा.

दोघांनी काठ्यांवर काठ्या ठोकून बुली केली, चेंडू सुटला, दादाकडे आला. आणि मी पाहतच राहिलो. त्यानं तो अडवला, एकाला डावीकडे दाखवून उजवीकडून काढला, दुसऱ्याच्या पायांमधून नेला. काठी त्यानं आपल्या वेगळ्याच रीतीनं धरली होती. दोन वाकडी बोटं बाहेर आणि तीन बोटांची पकड. ती पकड त्या दिवशी जमलेली नव्हती. अठरा वर्षं काठी न धरलेला हात कसा असतो ते मला माहीत होतं, माझेच दोन होते. हा हात तसा नव्हता.

अर्धी वेळ झाली. संत्री सोलत मी त्याच्याजवळ बसलो. शेवटी म्हटलं, "दादा, तू कधीपासून खेळतोस?"

"म्हंजे? सोडलं कवा होतं?" तो म्हणाला. "पट्टी सोडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी घेतली काठी. बोटं मिटत नोयती, तं जरा येगयी धरली."

"कुणाबरोबर खेळतोस?"

"कोनासंगं खेयू? तू तं अकोल्याले येऊन बसला. हिरीची भित हाय ना, तिले मारतो. भित परत देते." त्यानं एक फोड तोंडात टाकली. "मले वाटलं, तू आता सायब झाला. भाजीवाल्या भावासंगं खेयाची लाज वाटत असंल तुले."

अठरा वर्षं मला वाटत होतं की त्याच्या मनात माझा राग आहे. आणि तो तिकडे भिंतीशी खेळत बसला होता, माझ्या तोंडून एक शब्द येईना म्हणून. मी म्हटलं, "बोटांमुळे, दादा. तुझ्या बोटांमुळे मी सोडलं." त्यानं हात वर करून ती दोन बोटं पाहिली, जणू कुणाची तरी आहेत. "याच्यापायी?" तो म्हणाला. "येडा हाय का तू?" मला रडू आलं. मी ते अमरावतीवाल्यांसमोर लपवलंही नाही.

आम्ही एका गोलानं मागे होतो. थोडा वेळ उरला असताना दादानं उजवीकडून चेंडू काढला आणि सारवलेल्या अर्धगोलात माझ्याकडे ढकलला. बरोबर तसाच, पायाच्या पुढे हातभर. आणि तो तिथंच उभा राहिला, पूर्वी उभा राहायचा तसा, चार पावलांवर, अनवाणी. मी काठी उचलली. हात अर्ध्यात येऊन थांबला.

"हट बाजूला," मी ओरडलो.

"नाई हटत. मार."

मी मारला. खांद्यापासून, डोळे उघडे ठेवून मारला. आवाज झाला तो अमरावतीच्या मळ्यातलाच होता. चेंडू दादाच्या घोट्याशेजारून गेला, गोलाच्या खांबाबाहेरून गेला, आणि थेट हेडक्लार्कांच्या खुर्चीच्या पायावर जाऊन आदळला. गोल झाला नाही. सामनाही आम्ही हरलो.

दादानं मागं वळून चेंडू कुठे गेला ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"गेला तं गेला," तो म्हणाला. "उद्या मळ्यात येजो. आनखी देतो."

मी रजेचा अर्ज त्याच खुर्चीसमोर उभं राहून दिला.