भित्तिपत्रकातला शेवटचा परिच्छेद

मी रहिमतपूरकडचा. घरी ऊस, दोन्ही चुलते फौजेत. इतिहास शिकवायला जतच्या कॉलेजात नेमणूक झाली, तेव्हा टँकरची वाट बघत बसलेलं गाव मी पहिल्यांदा पाहिलं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अमेरिकेतल्या वसाहतींचा धडा होता. इंग्रजांपासून वेगळं व्हावं म्हणून तिथल्या लोकांनी पत्रकं काढली. समुद्रापलीकडचा राजा आपले अर्ज वाचत नाही, कर मात्र घेतो, मग त्याचं राज्य का मानायचं? हा साधा प्रश्न शेतकऱ्यांच्या मनात कसा उतरला, हे मी रंगून सांगायचो. त्या वर्षी मुलांना म्हटलं, "तुम्हीही एक पत्रक लिहा. विषय तुमचा."

बहुतेकांनी मोबाइलवरून उतरवून आणलं. एका मुलीने मात्र चार पानं लिहिली. मेंढपाळाच्या घरातली, सीमेजवळच्या वस्तीवरची. घरी निम्मं कानडी बोलायची. आजोबांपासून पाण्यासाठी कुठेकुठे अर्ज केले आणि काय उत्तरं आली, ते तिने ओळीने मांडलं होतं. शेवटच्या परिच्छेदात होतं : ज्यांना आमची तहान दिसत नाही, त्यांच्या राज्यात आम्ही का राहावं? पलीकडच्या राज्यात पाणी आहे. आम्हाला तिकडे जाऊ द्या.

मी चारही पानं भित्तिपत्रकात लावली. दोन दिवसांत त्यांचे फोटो गावभर फिरले. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"शेवटचा परिच्छेद काढायला सांगा. नाहीतर सगळंच उतरवा. मला फोन येतायत."

मी वाद घातला नाही. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

मुलीला भित्तिपत्रकापाशी गाठून सांगितलं, तर ती म्हणाली, "सर, यात खोटं काय हाय?"

"खोटं काही नाही. पण धड्यातलं राज्य परक्यांचं होतं. हे आपलं आहे."

"आपलं हाय म्हणूनच एवढी वर्सं अर्ज केलं की, सर."

मी म्हटलं, "तेवढा परिच्छेद काढ, बाकीचं राहू दे."

"मी न्हाई काढायची. तुमी काढा."

मी चारही पानांच्या टाचण्या काढल्या. कागद फाटू नये म्हणून जपून काढत होतो, आणि ती शेजारी उभी राहून बघत होती. मग चारही पानं माझ्याकडून घेऊन ती निघून गेली.

कुणीतरी तिच्या वडिलांच्या कानावर घातलं. पोरीवर पोलीस केस होईल, अशी त्यांना भीती घातली गेली. ती परीक्षेला बसली नाही. मी वस्तीवर जाऊन वडिलांना समजवायला हवं होतं. उद्या जाऊ म्हणत राहिलो आणि मग तिचं लग्न झाल्याचंच कळलं.

परवा आटपाडीच्या स्टँडवर ती दिसली. कडेवर लहान मुलगी. तिनेच ओळख दिली.

"सर, अजून जतलाच हाय का? त्यो धडा शिकवताय?"

"शिकवतो."

"पोरं लिवत्यात का पत्रकं?"

"आता लिहायला देत नाही. नोट्स देतो."

"बरं केलंत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिची गाडी लागली. मुलीला सावरत ती गर्दीतून आत चढली, आणि गाडी सुटेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो. तिने खिडकीतून वळून पाहिलं नाही.