बाजारात लागलेला निकाल

लेकीच्या शाळेचा निकालाचा मेसेज वाजला आणि नाकात थेट काष्टीच्या बाजारातली धूळ शिरली. तेव्हा, नव्वदच्या दशकात, पालक शाळेत फिरकत नसत. म्हणून गुरुजीच बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन पोरांची प्रगती सांगत हिंडायचे. ते आमच्या वांग्यांच्या ढिगाकडे वळले, तशी माझी छाती पार कर्जतपर्यंत ऐकू जाईल एवढी धडधडली. गुरुजींनी किलोभर वांगी मागितली; त्यांना खूश करायला मी पिशवीत डोंगर ओतला.

“पोरगं काय म्हनतंय, गुरुजी?” वडिलांनी विचारलं.

“लई मायाळू हाय. पन गनितात कच्चं. ह्ये बघा, किलो म्हंजे किती त्येच कळंना!” गुरुजींनी पिशवी उघडून दाखवली.

अख्खा बाजार हसला.

मेसेज अजून उघडलेला नाही. हात आधी वांगी शोधतोय.