विश्वासरावांनी न तपासलेली गाडी

विश्वासरावांचे पणजोबा बडोद्याच्या घोडदळात होते, आणि विश्वासराव स्वतः तिथल्याच लहरीपुऱ्यात रस्ता ओलांडताना दुसऱ्याचा हात धरत. झोपण्याआधी गॅस बघायचा, अंथरुणातून उठून पुन्हा बघायचा. नात्यात कुणी गाडी, गीझर, अगदी पंखा घ्यायला निघालं, की "विश्वासरावांना दाखवा, खोट तेच काढतील" असं म्हणून सगळे हसत. हसत, पण दाखवत.

त्यांच्या मुलीला, मितालीला, बडोद्याजवळच्या सावली गावातल्या कारखान्यात नोकरी लागली आणि तिच्यासाठी जुनी गाडी घ्यायचं ठरलं. गाडी उदयसिंहरावांची. दोघांचे पूर्वज एकाच पथकातले, त्यामुळे तिथे गाडी बघायला जायचं ते चहाला गेल्यासारखं. वाकून खाली डोकावणं म्हणजे घरच्या माणसावर संशय घेणं. तरी टायरची आतली कड गुळगुळीत झालेली विश्वासरावांना दिसलीच. हँडब्रेक ओढला, तो जवळजवळ उभाच राहिला. ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल हळूहळू खाली बसत गेलं.

ते बोलणार, तोच उदयसिंहराव हसत म्हणाले, "काय विश्वासराव, आमच्याही गाडीची परीक्षा घेणार?"

जमलेले सगळे हसले. विश्वासरावांनी पाय काढून घेतला आणि गाडी छान आहे म्हणाले. जन्मभर जपलेली भीती त्यांनी एकदाच गिळली, तीही नको तिथे.

सोमवारी मिताली तीच गाडी घेऊन कामाला निघाली. ती गेल्यावर त्यांना अंगणातल्या फरशीवर, मागचं चाक होतं त्या जागी, ओला डाग दिसला. पाणी असेल म्हणून बोट लावलं, तर तेलकट. ब्रेकचं ऑइल गळत होतं. फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे त्यांनीच तिला शिकवलेलं, आणि पोरगी बापाचं ऐकणारी.

त्यांनी स्कूटर काढली. सायकलवाल्यालाही आधी जाऊ देणारा हा माणूस त्या दिवशी सावलीच्या रस्त्यावर ट्रकांना मागे टाकत निघाला. कुठे चार माणसं जमलेली दिसली, की ते स्कूटर हळू करायचे. जवळ गेल्यावर ती माणसं रिक्षाची वाट बघत उभी असायची.

पुढे एका वळणावर खरोखरच गर्दी होती. मधे मितालीच्या गाडीचा पांढरा टप. विश्वासराव स्कूटर तिथेच टाकून धावले.

"काका, शांति राखो. बेनने कंई नथी थयुं," कुणीतरी त्यांना धरत गुजरातीत म्हणालं. मुलीला काही झालं नव्हतं.

ब्रेक लागेना तशी मितालीनं गियर उतरवत गाडी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घातली होती. अंगावर ओरखडाही नव्हता.

"पप्पा, फाटकातून निघतानाच ब्रेक पोचट लागला होता," ती म्हणाली. "पण म्हटलं, तुम्ही घेतलीय म्हणजे बघूनच घेतली असणार. म्हणून तशीच निघाले."

विश्वासराव वाळूवर तिच्या शेजारी बसले. खरं काय ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते सांगायचीही त्यांना भीती वाटली.